प्रथिनांची पूर्वपीठिका

अ‍ॅसिटल्डिहाइड नाकाला झोंबते, अमोनिया डोळ्यांतून पाणी काढतो आणि हायड्रोजन सायनाइड अल्पशा मात्रेतही प्राण घेते. परंतु या तिघांना एकत्र आणून त्यांवर आम्लाची प्रक्रिया केली असता शेवटी जे स्फटिक हाती येतात ते अ‍ॅलॅनीनचे, म्हणजे आपल्या स्नायूंत, केसांत आणि रक्तात अखंड नांदणाऱ्या एका अमिनो आम्लाचे असतात, ही गोष्ट आडोल्फ श्ट्रेकर या जर्मन रसायनज्ञाने १८५० साली प्रसिद्ध केली. श्ट्रेकरचा मूळ रोख दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाकडे होता, आणि अ‍ॅलॅनीनपासून तेही कृत्रिम रीतीने तयार होते हे त्याने त्याच निबंधात दाखविले. पृथ्वीवरील जीवनाच्या आरंभाशी आपल्या या उद्योगाचा काही संबंध पोहोचेल, अशी शंकाही त्याला आली नसावी. तथापि सजीवाच्या शरीराबाहेर, सजीवाच्या मदतीवाचून, मृत्यूला कारण होणाऱ्या द्रव्यांतून जीवनाचे एक मूलद्रव्य सिद्ध होऊ शकते, याचा तो एक स्वच्छ दाखला होता. आणि पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत जो प्रयोग गाजला, त्याच्या पोटातही श्ट्रेकरचीच अभिक्रिया दडलेली निघाली.

अमिनो आम्ल म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. मध्यभागी कार्बनचा एक अणू, त्याच्या एका अंगाला नायट्रोजनयुक्त अमिनो गट, दुसऱ्या अंगाला आम्ल गट, तिसऱ्याला हायड्रोजन आणि चौथ्या अंगाला प्रत्येक आम्लाचे वेगळेपण ठरविणारी शाखा, अशी ही रचना असते. सर्वांत साध्या ग्लायसीनमध्ये तर ही शाखासुद्धा हायड्रोजनच्या एकाच अणूची असते. अशी अमिनो आम्ले रसायनशास्त्राला शेकडो ठाऊक असली, तरी सृष्टीने प्रथिनांच्या कामी त्यांतील वीसच नेमून ठेवली आहेत, आणि एकाच्या आम्ल गटाला दुसऱ्याचा अमिनो गट जोडून, प्रत्येक सांध्यागणिक पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून, त्यांची जी लांब साखळी तयार होते तिला प्रथिन म्हणतात. इन्शुलिनमध्ये अशी ५१ आम्ले आहेत. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ आहेत. ती कोणत्या क्रमाने यावीत हे ठरलेले असते, आणि हिमोग्लोबिनच्या एका साखळीत, एका ठिकाणी, एक आम्ल बदलले की माणसाला सिकलसेलचा दुर्धर आजार जडतो. विदर्भात, खानदेशात आणि गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांत या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेली कुटुंबे आहेत, त्यांना क्रमाचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता प्रश्न दोन आहेत, आणि ते परस्परांपासून वेगळे ठेवले नाहीत तर सगळाच घोळ होतो. पहिला असा की, पृथ्वीवर एकही सजीव नसताना ही अमिनो आम्ले आली कोठून. आणि दुसरा असा की, ती आल्यावर एकमेकांना जोडली कोणी आणि कोणत्या क्रमाने. वृत्तपत्रांत दर दोनचार वर्षांनी ‘जीवनाचे रहस्य उलगडले’ अशा मथळ्याखाली जे प्रसिद्ध होते, ते बहुतेक पहिल्या प्रश्नाविषयी असते. वाचकाची समजूत मात्र दुसराही सुटला अशी होऊन बसते.

पहिल्या प्रश्नाची मांडणी रशियात अलेक्सांद्र ओपारिन यांनी १९२४ साली एका छोट्या पुस्तिकेत, आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२९ साली एका लेखात, एकमेकांच्या नकळत केली. आजच्या हवेतील प्राणवायू हा वनस्पतींनी व सूक्ष्म जीवांनी मागाहून निर्माण केलेला आहे, आरंभीच्या हवेत तो नव्हता, आणि म्हणूनच त्या काळी तयार झालेली कार्बनी द्रव्ये जळून अथवा कुजून न जाता समुद्रात साचत राहिली असली पाहिजेत, हे त्या विचाराचे सार होते. हॉल्डेन यांच्या मते सूर्याच्या अतिनील किरणांनी हे काम केले आणि सागराचे पाणी अशा द्रव्यांनी पातळ, कढत सारासारखे झाले. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, त्यांनी येथले नागरिकत्व घेतले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे देह ठेवला; कुडता-धोतर नेसलेला हा उंचापुरा इंग्रज पुष्कळ जुन्या लोकांच्या स्मरणात होता. परंतु ओपारिन आणि हॉल्डेन यांचे म्हणणे कित्येक वर्षे तर्काच्याच दप्तरात पडून राहिले, कारण ते तपासून पाहण्याची खटपट कोणी केली नाही.

ती खटपट स्टॅन्ली मिलर या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शिकागो विद्यापीठात १९५२ साली केली. त्याचे मार्गदर्शक हॅरल्ड यूरी हे जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळालेले थोर रसायनज्ञ होते. पृथ्वीचे आद्य वातावरण मिथेन, अमोनिया व हायड्रोजन यांचे असावे असे त्यांचे मत होते, आणि अशा वातावरणात कार्बनी द्रव्ये बनतात काय हे कोणीतरी पाहावे, असे त्यांनीच एका व्याख्यानात सुचविले होते. परंतु प्रत्यक्ष एक विद्यार्थी ‘मी पाहतो’ म्हणून पुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि अशनींतील थॅलियम धातूचे प्रमाण मोजण्याचे सुरक्षित काम पुढे केले. पदवीची मुदत डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्याच्या हिताचा तो सल्ला होता यात संशय नाही. मिलरने हट्ट सोडला नाही, तेव्हा वर्षभरात काही हाती न लागल्यास हा विषय सोडावा, अशा बोलीवर त्यांनी मंजुरी दिली.

उपकरण म्हणजे दोन काचेचे चंबू आणि त्यांना जोडणारी नळ्यांची एक बंद फेरी, एवढेच होते. खालच्या अर्ध्या लिटरच्या चंबूत पाणी उकळत असे. त्याची वाफ वरच्या पाच लिटरच्या चंबूत जाई, जेथे मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असे आणि टंगस्टनच्या दोन तारांमध्ये विजेची ठिणगी सतत कडकडत राही. तेथून ती वाफ थंड नळीत उतरून तिचे पाणी होई, आणि ते पाणी जे काही नवे तयार झाले असेल ते बरोबर घेऊन पुन्हा खालच्या चंबूत येई. उकळता समुद्र, वरचे आकाश, त्यातली वीज आणि पडणारा पाऊस, असे हे काचेत कोंडलेले ऋतुचक्र होते. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागले. आठवडा संपता संपता ते गडद लाल आणि गढूळ झाले. मग त्यात जंतूंची वाढ होऊ नये म्हणून पाऱ्याचे विषारी क्लोराइड घालून, त्याचा थेंब गाळणकागदाच्या कोपऱ्याशी लावून, द्रावक त्या कागदातून चढू दिला आणि वर निन्हायड्रिन फवारले, तेव्हा कागदावर जांभळे डाग उमटले. हे निन्हायड्रिन म्हणजे पोलीस खात्यात कागदावरील बोटांचे ठसे उठविण्यासाठी वापरतात तेच. घामातील अमिनो आम्लांशी त्याचा रंग खुलतो. आणि म्हणूनच आक्षेपकांचा पहिला प्रश्न असा असणे स्वाभाविक होते की, हे डाग प्रयोग करणाऱ्याच्याच बोटांचे अथवा एखाद्या चुकार जंतूचे कशावरून नसतील? मिलरने सबंध उपकरण बंद स्थितीत तासन्‌तास तापवून, निर्जंतुक करून, प्रयोग पुन्हा केला. डाग पुन्हा उमटले.

ग्लायसीन आणि दोन प्रकारची अ‍ॅलॅनीने निःसंशय ओळखता आली. सुमारे दोन पानांचा तो निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात १५ मे १९५३ रोजी एकट्या मिलरच्या नावाने प्रसिद्ध झाला, कारण आपले नाव वर घातल्यास सारे श्रेय आपल्यालाच मिळेल हे ओळखून यूरींनी ते काढून घेतले. हा एक लहानसा तपशील आहे, पण विद्यार्थ्यांच्या कामावर स्वतःचे नाव पहिल्याने घालण्याचा शिरस्ता ज्या विद्यापीठांत पडून गेला आहे, तेथल्या मंडळींनी तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे मिलरने ठरावीक वेळाने नमुने काढून पाहिले, तेव्हा असे आढळले की ठिणगीपासून थेट अमिनो आम्ले बनत नाहीत. आधी हायड्रोजन सायनाइड आणि अल्डिहाइडे साचतात, आणि अमोनियाच्या साक्षीने त्यांची अमिनो आम्ले होतात. म्हणजे विजेने केवळ कच्चा माल पुरविला; बाकीचे काम श्ट्रेकरच्याच रीतीने झाले. दुसऱ्याच वर्षी अलाहाबादचे कृष्ण बहादुर यांनी पॅराफॉर्मल्डिहाइड आणि पोटॅशियम नायट्रेट यांच्या द्रावणातून प्रकाशाच्या बळावर अमिनो आम्ले मिळविल्याचे ‘नेचर’मध्ये कळविले, त्यांनी नंतर ‘जीवाणू’ नावाच्या कणांविषयी केलेले मोठे दावे मात्र शास्त्रज्ञांच्या पसंतीस उतरले नाहीत.

मिलरच्या प्रयोगावरचा वजनदार आक्षेप १९७० च्या सुमारास पुढे आला. भूगर्भशास्त्रज्ञांचे मत पालटले: आद्य पृथ्वीची हवा ज्वालामुखींच्या मुखांतून आलेली, म्हणून ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांची असावी, असे ते म्हणू लागले, आणि अशा उदासीन हवेत ठिणगी पाडली तर अमिनो आम्ले जवळजवळ मिळत नाहीत. हा मुकदमा मिलर हरल्यातच जमा होता. पण २००८ साली मिलरचेच विद्यार्थी जेफ्री बाडा यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात असे दिसले की, त्या हवेतही अमिनो आम्ले होतात. केवळ विजेने तयार होणारी नायट्राइटे ती नासून टाकतात. पाण्याची आम्लता आवरली आणि ऑक्सिडीकरण रोखणारी, त्या काळच्या समुद्रात असू शकतील अशी द्रव्ये घातली, तर उत्पन्न पुष्कळ वाढते. त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. मिलर २००७ साली वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रयोगांचे वाळके अवशेष, चिठ्ठ्या लावलेल्या लहान कुप्यांत, खोक्यांत भरून ठेवलेले निघाले. ज्या उपकरणात वाफेचा झोत ज्वालामुखीप्रमाणे ठिणगीवर सोडला जाई, त्याच्या ११ कुप्या आधुनिक यंत्रांवर तपासल्या, तेव्हा त्यांत २२ अमिनो आम्ले आढळली, म्हणजे खुद्द मिलरला त्या काळच्या कागदावर दिसली त्याहून कितीतरी अधिक. २०२१ साली तर असे सिद्ध झाले की प्रयोगातील काचही निमूटपणे कामाला लागली होती: टेफ्लॉनच्या भांड्यात तोच प्रयोग केला असता उत्पन्न घटते, आणि काचेचे तुकडे टाकले की सुधारते, कारण क्षारधर्मी पाण्यात काचेचा पृष्ठभाग किंचित विरघळून अभिक्रियांना जागा देतो. पृथ्वीवर काचेची उणीव नव्हती असे नव्हे, पण सिलिकायुक्त खडकांची तर मुळीच नव्हती.

मिलरवरचा तो आक्षेप पुढे येत होता, त्याच सुमारास आकाशातून एक साक्षीदार आला होता. २८ सप्टेंबर १९६९ च्या रविवारी सकाळी, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन या गावाजवळ एक अशनी तुटून पडला. त्याचे १०० किलोहून अधिक वजनाचे तुकडे गोळा झाले, आणि ते उचलणाऱ्यांना त्यांतून स्पिरिटसारखा वास आला. योगायोग असा की त्याच वर्षी चंद्रावरून आलेले खडक तपासण्यासाठी अमेरिकेतील प्रयोगशाळा अत्यंत स्वच्छ करून सज्ज ठेवल्या होत्या, आणि कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात सिरिल पोन्नम्पेरुमा आणि त्यांचे सहकारी नेमक्या याच शोधात होते. हे पोन्नम्पेरुमा श्रीलंकेतील गालचे. मद्रासला तत्त्वज्ञान शिकून ते रसायनशास्त्राकडे वळले होते. चंद्राच्या खडकांनी निराशा केली, परंतु मर्चिसनच्या तुकड्याने १९७० साली अमिनो आम्ले दिली. ती पृथ्वीवरची घाण नव्हेत याचा पुरावा असा की, त्यांत प्रथिनांत कधीही न येणारी, आयसोव्हॅलीनसारखी अनोळखी आम्ले होती. पुढच्या तपासण्यांत त्या एका अशनीतून मिळालेल्या अमिनो आम्लांची संख्या सत्तरच्या वर गेली. ग्लायसीन धूमकेतूंतही सापडले. लघुग्रह बेन्नूवरून नासाच्या यानाने २०२३ साली १२१ ग्रॅम माती परत आणली, आणि तिच्यात प्रथिनांच्या विसांपैकी १४ अमिनो आम्ले असल्याचे २०२५ साली जाहीर झाले.

येथे मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची आठवण होणे साहजिक आहे. सजीवच अंतराळातून आले असावेत, या फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांच्या मताची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी हैदराबादहून उंच हवेत फुगे सोडविले, आणि त्यांतून आलेल्या तीन नव्या जीवाणूंच्या जाती २००९ साली जाहीर झाल्या. ते जीवाणू अंतराळातलेच, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नव्हता, आणि मोहिमेच्या कर्त्यांनी तसा दावाही केला नाही. शिवाय तो प्रश्न सुटला तरी आपला सुटत नाही. कारण त्या दूरच्या ठिकाणी तरी पहिले प्रथिन कसे जुळले, हे विचारावेच लागते.

अमिनो आम्ले ही विश्वात पावलोपावली तयार होणारी सामान्य वस्तू आहे, एवढे आता निर्विवाद झाले. इथपर्यंतचा प्रवास सुखाचा. यापुढे मात्र घोडे पेंड खाते.

पहिली अडचण डाव्या-उजव्याची. ग्लायसीन वगळता प्रथिनांतील प्रत्येक अमिनो आम्लाची दोन रूपे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा, पण एकावर एक न बसणारी, जशी पायांतली वहाण. रसायनज्ञाच्या चंबूत आणि बेन्नूच्या मातीत दोन्ही सारख्याच प्रमाणात मिळतात. सजीवांच्या प्रथिनांत मात्र, अपवाद सोडल्यास, सारीच डावी. मर्चिसनमधील आयसोव्हॅलीन डावीकडे थोडे झुकलेले आढळले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. बेन्नूने ती बरीच खाली आणली.

दुसरी अडचण पाण्याची, आणि प्रस्तुत लेखकाला हीच खरी अडचण वाटते. प्रत्येक सांध्यात पाण्याचा रेणू बाहेर टाकावा लागतो, आणि सभोवती जेव्हा पाण्याचाच सागर असतो, तेव्हा रसायनशास्त्राचा कल सांधा जुळण्याकडे नसून तुटण्याकडे असतो. तुटायला फार वेळ लागतो, साध्या पाण्यात शेकडो वर्षे लागतात. पण जुळण्याची ओढच नाही. ज्या पाण्यावाचून अमिनो आम्ले जन्मत नाहीत, तेच पाणी त्यांच्या विवाहाला आडवे येते. सिडनी फॉक्स यांनी १९५० नंतरच्या दशकात यावर साधा उपाय केला: कोरडी अमिनो आम्ले १५० अंशांच्या वर तापविली. साखळ्या झाल्या, आणि त्या पाण्यात टाकल्यावर पेशींएवढे गोळेही झाले, व त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु त्या साखळ्यांतील सांधे सगळे प्रथिनांच्या पद्धतीचे नव्हते, त्यासाठी अ‍ॅस्पार्टिक व ग्लुटॅमिक आम्ले भरमसाट घालावी लागत, आणि इतक्या उष्णतेत नाजूक आम्ले नासून जात. फॉक्स यांनी आपले म्हणणे अखेरपर्यंत हिरिरीने मांडले; काळाने ते नामंजूर केले.

उष्णता कमी ठेवावी तर दुसराच पेच. दोन अमिनो आम्ले जुळली की ती स्वतःभोवती वळून एक बंद कडे करतात, आणि तेथेच साखळी खुंटते. या पेचातून निघण्याची जी वाट अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या निकोलस हड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविली, तिच्यात श्ट्रेकरच्या त्या जुन्या निबंधाची दोन्ही फळे एकत्र येतात, म्हणून ती या लेखकाला विशेष प्रिय आहे. त्यांनी अमिनो आम्लांबरोबर लॅक्टिक आम्लासारखी हायड्रॉक्सी आम्ले मिसळली आणि ते मिश्रण ८५ अंशांच्या आत वाळवून, भिजवून, पुन्हा वाळवून, असे फेरे दिले. लॅक्टिक आम्लाचे रेणू सौम्य उष्णतेतही आपापसात सहज जुळतात. मग त्या तयार सांध्यात अमिनो आम्ल शिरते, लॅक्टिक आम्लाला बाजूला सारते आणि त्याच्या जागी स्वतःचा मजबूत सांधा बसविते. भिजवले की कच्चे सांधे सुटतात, पक्के राहतात, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक साखळीत अमिनो आम्लांचा वाटा वाढत जातो. भरतीच्या वेळी भिजणारा आणि ओहोटीला तापणारा किनाऱ्याचा खडक, किंवा पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात आटणारे डबके, यांहून अधिक कशाचीही गरज नाही. आणि लॅक्टिक आम्ल आणायचे कोठून, हा प्रश्नही उरत नाही. मिलरच्या चंबूतही ते तयार होत होते, मर्चिसनच्या दगडातही ते आहे, केवळ अमिनो आम्लांच्या कौतुकात त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते.

एवढे झाल्यावरही क्रमाचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो अजून तसाच उभा आहे. वीस आम्लांतून शंभर आम्लांची एक साखळी घडवायची तर १ वर १३० शून्ये इतके निरनिराळे क्रम संभवतात, आणि दृश्य विश्वातील अणूंची संख्या त्यापुढे नगण्य ठरते. यावरून काही लोक ‘म्हणजे हे यदृच्छेने घडणे अशक्य’ असा निष्कर्ष काढतात. पण आरंभीच शंभर आम्लांचे, एकाच विवक्षित क्रमाचे प्रथिन लागत होते, हे त्यांचे गृहीतच मुळात पुराव्यावाचूनचे आहे. दहाबारा आम्लांची वेडीवाकडी साखळीही एखादा धातूचा अणू धरून ठेवू शकते. आजच्या पेशीत क्रम ठरविण्याचा हुकूम आरएनए या न्यूक्लीइक आम्लाकडून येतो, आणि साखळी जोडणाऱ्या रायबोसोमची अणुरचना उलगडली (या कामाबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले) तेव्हा असे दिसले की, ज्या नेमक्या जागी सांधा जुळतो तेथे प्रथिन नाहीच; तेथे निव्वळ आरएनए आहे. प्रथिनाच्या आधी आरएनएने प्रथिन जोडले, याची ही पेशीच्या पोटात जपलेली जबानीच म्हणावी लागेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मॅथ्यू पाउनर यांच्या गटाने २०२५ साली गंधकयुक्त थायोएस्टरांच्या साहाय्याने अमिनो आम्ले पाण्यातच आरएनएच्या टोकाला जोडून दाखविली. मात्र कोणत्या आरएनएला कोणते आम्ल जोडावे, ही निवड त्यातून अद्याप साधलेली नाही, आणि ती साधल्यावाचून क्रमाला अर्थ येत नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. एखाद्या लघुग्रहावर किंवा धूमकेतूवर ‘जीवनाची मूलद्रव्ये’ सापडल्याची बातमी पुन्हा वाचनात आली, तर मथळ्यावर न थांबता खालच्या मजकुरात दोन गोष्टी शोधाव्यात: सापडलेली अमिनो आम्ले डावी-उजवी कोणत्या प्रमाणात आहेत, आणि ती सुटी आहेत की जुळलेली. मर्चिसनच्या अशनीत दोन ग्लायसीनांची जोडी अत्यल्प प्रमाणात मिळालेली आहे. अंतराळातून आलेल्या कोणत्याही दगडात लांब प्रथिन-साखळी मिळाल्याचा सर्वमान्य दाखला आजवर नाही.